शंख तोच, खेकडा तोच का? प्राण्याच्या वागण्यातलं सातत्य मोजायला शिकताना

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी दरवर्षी कोणीतरी विचारतं, "प्राण्यांच्या स्वभावावर काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?" गोव्यात राहणाऱ्याला मी एकच उत्तर देते. ओहोटीला कातळावर जा आणि शंखात राहणारे खेकडे, म्हणजे हर्मिट खेकडे बघा. दोन वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेले. त्यातले पहिले तीन महिने फुकट गेले, आणि कारण अगदी साधं होतं: नक्की काय मोजायचं हे मला कळलं नव्हतं. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खेकड्याला उचलून उलटा धरला की तो शंखात आत सरकतो. परत ठेवल्यावर काही खेकडे पाच सेकंदांत बाहेर येतात, काही दोन मिनिटं आतच बसतात. प्रश्न असा की आज लवकर बाहेर येणारा उद्याही लवकर येतो का? आणि पाण्यात धोक्याचा वास असला तरी तोच इतरांच्या आधी बाहेर येतो का? २००८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिकडच्या पॅग्युरस बर्नहार्डस या हर्मिट खेकड्यावर हेच तपासलं. परिस्थितीप्रमाणे खेकडे वागणं बदलतात, पण त्यांच्यातला आपसातला फरक बराच टिकून राहतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे हा प्रयोग टब, स्टॉपवॉच आणि धोक्याच्या वासासाठी बाजारातली एक जिवंत कुर्ली (चिखलातला मोठा खेकडा) एवढ्यावर करता येतो.

१. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

पावसाळ्यात सगळीच मुलं वर्गात उशिरा येतात. पण सर्वांत शेवटी येणारा मुलगा उन्हाळ्यातही शेवटीच येत असेल, तर वर्गाची सरासरी बदलली, क्रम मात्र टिकला. म्हणजे सरासरी बदलणं वेगळं आणि व्यक्तीव्यक्तींतला फरक टिकणं वेगळं. "धोका जाणवला की खेकडे जास्त वेळ लपतात" हे पहिल्या प्रकारचं उत्तर झालं. सातत्य म्हणतात ते दुसऱ्या प्रकाराला.

या दुसऱ्या प्रकाराचं माप म्हणजे रिपीटेबिलिटी. मोजमापांत जो एकूण फरक दिसतो, त्यातला किती भाग व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकामुळे आहे, ते हे माप सांगतं. शून्य आलं तर कोणता खेकडा आहे हे कळून पुढच्या मोजमापाबद्दल काहीच कळत नाही. एक आलं तर प्रत्येक खेकडा दर वेळी अगदी तसाच वागतो. २००९ साली अनेक प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सरासरी ०.३७ आली होती. तुमचा आकडा ०.३ किंवा ०.४ आला तर प्रयोग फसला असं समजू नका. ०.९ आला तर मात्र आधी आपली चूक शोधा.

या सगळ्याचा पाया एका वाक्यात सांगते, आणि मला ते कोणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं: एकाच प्राण्याला प्रत्येक परिस्थितीत एकदाच मोजून चालत नाही, प्रत्येक परिस्थितीत पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. मी पहिल्यांदा साध्या पाण्यात एकदा आणि वासाच्या पाण्यात एकदा असं मोजलं होतं. दोन आकडे जुळले नाहीत, तेव्हा खेकडा बदलला की ती नेहमीची चढउतार होती, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

२. जागा आणि परवानगी

बांबोळी, शिरदोण, दोनापावला, हणजूण इथल्या कातळांवर ओहोटीला डबकी राहतात. जांभ्या दगडाच्या खाचखळग्यांत पाणी साठतं आणि खेकडे तिथेच असतात. सुट्टीच्या दिवसांत हणजूणला माणसांची इतकी वर्दळ असते की खेकडे आधीच लपलेले सापडतात, म्हणून मी तिथे कामाच्या दिवशी सकाळी जायचे.

चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात फिडलर खेकडे आणि निवट्या बघून मोह होईल. ते वनखात्याचं क्षेत्र आहे, लेखी परवानगीशिवाय तिथलं काहीही हलवायचं नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे किनारे आहेत, नवशिक्याने ते सोडून द्यावेत. माशांवर, बेडकांवर किंवा कुठल्याही कशेरुकी प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जावं लागतं. खेकड्यांसाठी बहुतेक महाविद्यालयं ते मागत नाहीत, तरी मार्गदर्शकांकडून एक पत्र घेऊन ठेवा. किनाऱ्यावर कोणी हटकलं तर ते पत्र उपयोगी पडतं.

कागदपत्रं एवढीच: मार्गदर्शकांचं पत्र, महाविद्यालयाचं ओळखपत्र, वनखात्याच्या हद्दीत काम असेल तर परवानगीची प्रत, आणि मुरगांव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

३. ओहोटी बघून जा, घड्याळ बघून नाही

शिरदोणला पहिल्या दिवशी मी सकाळी आठला पोचले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिले. तिसऱ्या काढायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "बाय, आज सप्तमी. आज पाणी सरतंय कुठं? अमाशेनंतर ये." माझ्या फोनवर ओहोटीचं ॲप होतं, पण मी त्यात फक्त वेळ बघितली होती, पाण्याची उंची नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, ओहोटीलाही पाणी फारसं खाली जात नाही, खालची डबकी उघडी पडतच नाहीत. लागते ती उधाणाची ओहोटी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची.

कोकणपट्टीत सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब इथेही अंदाजाला पुरतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साधारण साडेसातला ओहोटी. माझं बहुतेक काम द्वितीया-तृतीयेच्या सकाळी झालं, कारण उधाण अजून उतरलेलं नसतं आणि दगडही तापलेला नसतो. नेमकी वेळ आणि उंची वेळापत्रकातूनच घ्या. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात.

जून ते सप्टेंबर कातळावर जायचं नाही. लाटा आणि शेवाळ, दोन्ही जिवावर बेतू शकतात. शिवाय पावसाच्या गोड्या पाण्याने खाडीकाठच्या पाण्याची क्षारता उतरते आणि एक परिस्थिती बदलायची म्हणून तुम्ही तीन बदलून बसता.

४. काय काय जवळ हवं

- झाकणाचे छोटे प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येक खेकड्याला एक, बाजूंना भोकं पाडलेले
- दोन मोठे टब, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप
- पांढरं नेलपॉलिश, पक्क्या शाईचं पेन, पारदर्शक नेलपॉलिश
- स्टॉपवॉच, आणि फोन टेकवायला स्टँड
- थर्मामीटर आणि क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (महाविद्यालयात मागा)
- व्हर्नियर कॅलिपर आणि छोटा वजनकाटा
- वही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन नको, एका थेंबात पानभर आकडे जातात.
- घट्ट बूट. चपलेने कातळावर गेलात तर कालवं तळपाय कापतात.

५. खेकडा ओळखणं आणि खूण करणं

एकाच जातीचे खेकडे घ्या. दोन्ही नांग्या साधारण सारख्या असतील तर तो बहुधा क्लिबॅनॅरियस गटातला. डावी नांगी ठळक मोठी असेल तर डायोजेनिस असण्याची शक्यता. दोन गट मिसळले तर जातींमधला फरक व्यक्तींमधल्या फरकात मिसळतो आणि रिपीटेबिलिटी फुगते.

सर्वांत मोठा सापळा खुणेतच आहे. शंख कोरडा पुसा, पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, सावलीत वाळू द्या, वर पेनाने आकडा लिहा आणि त्यावर पारदर्शक थर द्या. खूण छान टिकते. पण ती शंखावर असते, खेकड्यावर नाही. मी पहिल्या फेरीत चौदा खेकडे खुणा करून परत डबक्यात सोडले आणि दोन दिवसांनी आकडा बघून मोजायला लागले. नऊ नंबरच्या शंखात मला एक बारीक नांगीचा, फिकट पायांचा खेकडा दिसला. माझ्या वहीत मात्र नऊ नंबरच्या डाव्या पायाचं टोक तुटलेलं लिहिलं होतं. त्याच डबक्यात थोड्या वेळाने तो तुटका पाय दिसला, बिनखुणेच्या दुसऱ्या शंखात. खेकड्यांनी घरं बदलली होती. त्या फेरीचे सगळे आकडे मी टाकून दिले.

म्हणून नवशिक्याने प्रयोग टबात करावा. प्रत्येक खेकडा त्याच्या डब्यात एकटा राहतो आणि रिकामा शंख आसपास नसतो. तरीही वहीत प्रत्येकाची एक शारीरिक खूण लिहा: तुटका पाय, नांगीवरचा डाग, डोळ्यांच्या दांड्यांचा रंग. शंखाचं वजन आणि प्रकारही नोंदवा. घट्ट, लहान शंखातला खेकडा वेगळा वागू शकतो, आणि मग तुम्ही खेकड्याचा स्वभाव म्हणून शंखाचं माप मोजत बसता.

६. दोन परिस्थिती तयार करा

पहिली: साधं समुद्राचं पाणी.

दुसरी: शिकाऱ्याचा वास असलेलं पाणी. बाजारातून एक जिवंत कुर्ली आणा, चिखलातली मोठी. ती ठरावीक लिटर समुद्राच्या पाण्यात काही तास ठेवा. कुर्ली काढून घ्या आणि पाणी गाळा. चाचणीच्या वेळी डब्यात त्यातलं मोजून, समजा ५० मिली घाला. साध्या पाण्याच्या चाचणीतही नुसतं समुद्राचं पाणी ५० मिलीच घालायचं. नाहीतर खेकडा वासाला घाबरला की वरून पाणी ओतल्याला, हे कळणार नाही. दोन्ही पाण्यांचं तापमान आणि क्षारता सारखी आहे ना, हे चाचणीपूर्वी तपासा आणि लिहून ठेवा. पेले वेगळे ठेवा, वासाचा पेला साध्या पाण्यात बुडवू नका.

७. चाचणी

खेकडा उचला, शंखाचं तोंड वर करून दहा सेकंद धरा, डब्याच्या तळाशी तसाच उलटा ठेवा. आत सरकल्यापासून चालायचे पाय तळाला टेकेपर्यंतचा वेळ म्हणजे तुमचं मोजमाप. शेवट कुठला धरायचा हे पहिल्या दिवशीच ठरवा. आधी मिशा येतात, मग डोळे, मग नांग्यांची टोकं शंखाच्या कडेला लागतात आणि खेकडा तिथेच थबकतो. अर्धा मिनिट तो असा कडेवरून बघत राहतो. त्या अर्ध्या मिनिटात एका दिवशी "आला" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी "नाही आला", असं केलंत तर तुमचाच विसरभोळेपणा खेकड्याच्या नावावर चढतो. फोनवर चित्रण करा आणि त्यातल्या वीस चित्रफिती मित्राला किंवा मैत्रिणीला मोजायला द्या. मोजणाऱ्याला पाणी कुठलं होतं ते सांगू नका.

कमाल मर्यादा ठेवा. मी ३०० सेकंद ठेवली होती. तोवर आला नाही तर ३०० लिहा आणि पुढे "अपूर्ण" अशी खूण करा. बरेच खेकडे मर्यादेला टेकत असतील तर मर्यादा वाढवा, पण मुख्य प्रयोगाआधी, सरावाच्या दिवशी.

एकदा सकाळी एका डब्यात खेकडा शंखाबाहेर निपचित दिसला. मेला म्हणून मी टाकणारच होते. उचललं तर ती नुसती पोकळ कात होती, पाय, नांग्या, डोळ्यांच्या दांड्यांसकट, आणि खेकडा शंखात खोल, मऊ अंगाने बसलेला. कात टाकलेल्या खेकड्याला काही दिवस चाचणीतून सोडा आणि त्या दिवसांची नोंद वेगळी ठेवा.

८. वेळापत्रक

३२ खेकडे, दोन परिस्थिती, प्रत्येकीत चार वेळा. एकूण २५६ चाचण्या. एका चाचणीला सगळं धरून चार मिनिटं, म्हणजे सुमारे सतरा तास. रोज प्रत्येक खेकड्याची एकच चाचणी ठेवली तर आठ दिवस, रोज दोन तासांपेक्षा थोडं जास्त. महाविद्यालय सांभाळून हे जमतं.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांना आधी चार दिवस साधं पाणी आणि मग चार दिवस वास असं केलंत, तर पाचव्या दिवशी दिसणारा बदल वासामुळे की सवयीमुळे, हे सुटणार नाही. हाताळण्याची सवय खेकड्यांना होतेच. रोज निम्म्यांना एक पाणी, निम्म्यांना दुसरं. डब्यांच्या जागाही बदलत राहा. खिडकीजवळचा डबा आठही दिवस खिडकीजवळच राहिला तर खिडकीचं सातत्य खेकड्याच्या खात्यात जमा होतं. डबक्यांत काम करणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण तिथे प्रत्येक खेकड्याचं डबकं ठरलेलं असतं.

चारही चाचण्या एकाच सकाळी उरकू नका. थोड्या अंतराने केलेली मोजमापं जास्त जुळतात. त्यात स्वभाव किती आणि त्या दिवसाची भूक किंवा थकवा किती, हे वेगळं होत नाही.

९. आकडेमोड

आधी सगळ्या वेळांचा लॉगॅरिदम घ्या. १० सेकंदांचे २० होणं आणि १०० चे ११० होणं एकसारखं नाही, आणि वेळेच्या आकड्यांना एका बाजूला लांब शेपूट असते.

एका परिस्थितीची रिपीटेबिलिटी हाताने काढून बघा, समज पक्की होते. व्हेरियन्स म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप. समजा व्हेरियन्सच्या तक्त्यात (अनोव्हा) व्यक्तींमधला मीन स्क्वेअर ९० आला, व्यक्तीअंतर्गत १८, आणि प्रत्येकाची चार मोजमापं आहेत. व्यक्तींमधला व्हेरियन्स = (९० − १८) ÷ ४ = १८. रिपीटेबिलिटी = १८ ÷ (१८ + १८) = ०.५. इथे अनेक जण ९० ÷ (९० + १८) करतात आणि ०.८३ लिहितात. मीन स्क्वेअर म्हणजे व्हेरियन्स नव्हे. ही चूक १९८७ सालीच एका शोधनिबंधात दाखवून दिली गेली होती, तरी प्रकल्पांत ती अजून दिसते.

पुढचं काम आर (R) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा. त्यातलं एलएमई४ (lme4) हे पॅकेज मिश्र प्रतिमानासाठी (मिक्स्ड मॉडेल, ज्यात स्थिर आणि यादृच्छिक असे दोन्ही घटक असतात), आणि आरपीटीआर (rptR) रिपीटेबिलिटी व तिची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा कुठून कुठपर्यंत असेल ते, काढण्यासाठी. परिस्थिती, दिवसाचा क्रमांक आणि शंखाचं वजन हे स्थिर घटक, खेकड्याचा क्रमांक हा यादृच्छिक घटक. शिवाय प्रत्येक खेकड्याला स्वतःचा उतार द्या, म्हणजे वासाला प्रत्येक जण किती वेगळा प्रतिसाद देतो ते दिसेल. ३२ खेकड्यांवर उताराचा अंदाज ढिला येतो, विश्वासमर्यादा रुंद असेल. ती आहे तशी लिहा. स्थिर घटक घालून काढलेली रिपीटेबिलिटी ही "समायोजित" असते, कोणते घटक घातले हे तिच्याशेजारीच सांगा.

दोन सूचना इथे मनापासून करते. रिपीटेबिलिटी हे गुणोत्तर आहे. ती कमी आली म्हणजे प्रत्येक खेकडा लहरी आहे, असं नाही. सगळे खेकडे एकमेकांसारखे वागले तरी ती कमीच येते. वासाच्या पाण्यात बरेच जण ३०० सेकंदांना टेकले तर व्यक्तींमधला फरकच दबतो. म्हणून व्यक्तींमधला आणि व्यक्तीअंतर्गत, दोन्ही व्हेरियन्स वेगवेगळे छापा.

दुसरी सूचना दोन परिस्थितींच्या तुलनेबद्दल. समजा साध्या पाण्यात रिपीटेबिलिटी ०.५ आणि वासाच्या पाण्यात ०.४ आली. दोन्हींतलं प्रत्येकी एक मोजमाप घेऊन सहसंबंध काढला तर तो ०.३ आला. ऐकायला कमी वाटतं. पण दोन्हीकडे मोजमाप इतकं हलतं असताना तो सहसंबंध जास्तीत जास्त ०.५ × ०.४ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ०.४५ च्या आसपास जाऊ शकला असता. ०.३ ला ०.४५ ने भागा: खेकड्यांच्या पातळीवरचा सहसंबंध ०.६७ च्या जवळ. ही दुरुस्ती १९०४ साली स्पिअरमनने मांडली होती. पुन्हा पुन्हा मोजलं नसेल तर ०.५ आणि ०.४ हे आकडेच हातात नसतात, आणि ०.३ बघून "सातत्य नाही" असं लिहून आपण मोकळे होतो. माझ्या पहिल्या अहवालात हेच झालं होतं.

१०. खेकडे परत सोडताना

रोज पाणी बदला, थोडं खायला द्या, आणि चाचणीआधीच्या काही तासांत कोणालाच देऊ नका, म्हणजे भूक सगळ्यांची सारखी राहील. शेवटच्या चाचणीनंतर खेकडे ज्या डबक्यातून आणले त्याच डबक्यात सोडा, कुर्लीचं पाणी समुद्रात ओतू नका. त्यासाठी डब्यावर डबक्याची खूण पहिल्या दिवशीच लिहिलेली असली पाहिजे, आठव्या दिवशी आठवत नाही. सोडताना ओहोटी उलटायला अर्धा-पाऊण तास असेल अशी वेळ धरा. शंखाचं तोंड खाली करून, दगडाच्या सावलीच्या बाजूला, एकेक करून ठेवा. आणि तेव्हाही वही हातात असू द्या. आठ दिवस टबात राहिलेला नऊ नंबर स्वतःच्या डबक्यात किती सेकंदांत बाहेर येतो, ही तुमच्या तिसऱ्या परिस्थितीची पहिली नोंद आहे.